परतीचं ताट

आठवा महिना, पौर्णिमा होऊन गेल्यावर

नुई पोरी,

बापाचे आशीर्वाद घे. नको असतील तर बाजूला ठेव, कधीतरी लागतील.

तुला नदीपलीकडे तोगावाच्या किल्ल्यात देऊन चार वर्षं झाली. मी दर ऋतूला पत्र लिहितो आणि तू एकालाही उत्तर देत नाहीस. तुझी आई म्हणते, "अहो, पोरगी तुमच्यावरच गेलीय. तुम्ही तरी कधी कुणापुढे मान तुकवलीत?" मी म्हटलं, धन्यांपुढे तुकवतो की. "तेच तर पोरीचं दुखणं आहे," असं म्हणून ती मुळे खारवायला निघून गेली. या बाईशी घातलेल्या वादात मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, आणि लोक मला सेनापती म्हणतात.

तुझं दुखणं मला पाठ आहे. पालखीत बसताना तू म्हणालीस, "तुम्हाला मुलगी नव्हतीच, बाबा. तुमच्या धन्यांना दोन घराणी बांधायला दोरी हवी होती, ती तुम्ही घरात वाढवलीत." थोरल्या धन्यांनी तह केला, तहासाठी माझी मुलगी मागितली, मी दिली. आता ते हयात नाहीत, पण उद्या पुन्हा येऊन मागितली तरी देईन. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. तुझी आठवण येते हेही खोटं नाही, आणि या दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकत्र नांदतात.

बाकी मी मजेत आहे. पाऊस येणार असला की गुडघे आदल्या दिवशीच कळवतात. घोडा माझ्याबरोबरच म्हातारा झालाय, चढ आला की आम्ही दोघंही काहीतरी विसरल्यासारखं करून थांबतो. नाशपती यंदा इतकी गोड आहे की माझा भालाईत कान्पेई झाडाखालून हलायला तयार नाही. "मालक, मी पहारा देतोय," म्हणतो. तोंड भरलेलं असतं.

आता मुद्द्याचं. धाकट्या धन्यांचा ससाणा उडून तुमच्या बाजूला गेला होता, हे तुला ठाऊक असेल. तुमच्या माणसांनी तो पकडून परत दिला, पण पायातलं घुंगरू नव्हतं. ते थोरल्या धन्यांनी मरण्याआधी स्वतःच्या हातांनी बांधलेलं होतं. आमच्या जासुदाने विचारलं, तर तुझ्या नवऱ्याने, शिकिबुने, उत्तर पाठवलं, "पाखरू दिलंय. आवाज तुमचा तुम्ही शोधा."

मला एकट्याला सांगितलं असतं तर मी खळखळून हसलो असतो. जावई हजरजबाबी आहे, हे ऐकून बरंच वाटलं. पण हे उत्तर भरल्या मेजवानीत वाचलं गेलं. धनी बावीस वर्षांचे आहेत आणि तांदळाची दारू, साके, पोटात होती. ते उठले आणि सगळ्या सरदारांदेखत म्हणाले, "पानं गळायच्या आत तोगावाचं फाटक पाडीन."

शब्द तोंडातून गेला, पोरी. नगारे वाजले, गावोगाव बोलावणी गेली. यात गुपित काही नाही, तुमच्या भिंतीवरूनही ऐकू आलंच असेल. आघाडी नेहमी माझी असते. यंदाही माझीच आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं.

तुझा बाप,
कुरामोची गेन्झाएमोन

ता. क. ही पत्रं धन्यांचे कारकून वाचून मगच नदीपार सोडतात. कारकून महाराज, हसू नका, तुमचं अक्षर माझ्याहून वाईट आहे.


नववा महिना, शेवंती उमलताना

नुई,

तुझ्याकडून अजून काही नाही. ठीक आहे. मी लिहितो, तू वाचत असशील असं धरून चालतो.

आपल्यात चाकराने धन्याला तीनदा सांगावं असा रिवाज आहे. तीनदा सांगूनही ऐकलं नाही तर तोंड मिटावं आणि काम करावं. मी तिन्ही वेळा सांगून पाहिलं.

पहिल्यांदा घोड्यांच्या पागेत सांगितलं. म्हटलं, "धनी, कापणी उरकलेली नाही. भाताच्या लोंब्या शेतात आणि माणसं भाले घेऊन मैदानात, हे बरं दिसत नाही." ते म्हणाले, "आजोबा, लोंब्या बायका कापतील." तुला आठवत असेल, लहानपणापासून ते मला आजोबा म्हणतात. घोड्यावर पहिल्यांदा मीच बसवलं त्यांना, आणि पडल्यावर उचललंही मीच.

दुसऱ्यांदा तिरंदाजीच्या वेळी सांगितलं, की थोरल्या धन्यांनी हा तह करायला तीन हिवाळे घालवले होते. धन्यांचा बाण निशाण सोडून बांबूत गेला. ते म्हणाले, "वडिलांचं घुंगरू गेलं, तिथेच वडिलांचा तह गेला."

तिसऱ्यांदा मी गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बोललो. धनी म्हणाले, "तुमची मुलगी तिथे आहे, म्हणून बोलताय तुम्ही."

मी म्हटलं, "मुलगी तिथे नसती तर चौथ्यांदाही बोललो असतो. ती आहे, म्हणून इथेच थांबतो."

धन्यांनी तोंड फिरवलं. कुणाला वाटेल रागाने फिरवलं. मी त्यांना पाळण्यात पाहिलंय. ते रडू आलं की भिंतीकडे बघतात. पण भर सभेत दिलेला शब्द असा भिंतीकडे बघून मागे घेता येत नाही. बावीस वर्षांच्या मालकाने एकदा शब्द गिळला, की पुढची चाळीस वर्षं प्रत्येक सरदार त्याला आणखी एक गिळायला लावतो. हे मीच त्यांना शिकवलंय, आता तक्रार कुणाकडे करू?

म्हणून मी तोंड मिटलं आणि आघाडीची माणसं मोजायला घेतली.

घरी आल्यावर तुझ्या आईने जेवण वाढलं नाही. नुसती समोर बसली. म्हणाली, "फाटक पडल्यावर आत तुम्हीच पहिले शिराल ना?"

"हो."

"मग तिला सांगाल काय?"

मी म्हटलं, "सांगीन की बाप आलाय."

"आणि ती म्हणेल, कुठला?"

त्यानंतर तिने भात वाढला, आणि लोणचं जरा जास्तच वाढलं.

नुई, कुठल्या बाजूने येऊ, कधी येऊ, तू कुठे राहावंस, यातलं अक्षर मी लिहू शकत नाही. लिहीनही नाही. मला भीती वाटते, एवढं मात्र कारकुनांनी खुशाल वाचावं. आजवर इतक्या लढाया झाल्या, आघाडीला उभं राहताना मला असं कधी वाटलं नव्हतं.

बाप


नववा महिना, अखेरचे दिवस

नुई पोरी,

बस. पाणी पी. मग वाच. आम्ही येत नाही.

तुझा बाप या वयात सगळ्या सैन्यासमोर तोंडघशी पडला आणि त्यामुळे हे झालं. सगळं नीट सांगतो, म्हणजे तुमच्याकडे भलत्यासलत्या अफवा नकोत.

निघायचा दिवस होता. पुढच्या मैदानात सगळे उभे, निशाणं वाऱ्यावर, धनी चिलखत घालून दक्षिणेकडे तोंड करून आसनावर बसलेले. त्यांच्यासमोर निघण्याचं ताट ठेवायचं काम सर्वांत जुन्या सरदाराचं, म्हणजे माझं. तू सहा वर्षांची असताना मी तुला हे ताट शिकवलं होतं, बाहुल्यांच्या भांड्यांत. कुटून चपटा केलेला सुका शिंपला, सोलून वाळवलेलं चेस्टनटचं फळ, आणि समुद्रातल्या कोंबू शेवाळाची पट्टी. शिंपला कुटलेला, म्हणून तो शत्रूला कुटण्याचा. आपल्या बोलीत चेस्टनटच्या नावात जिंकण्याचा शब्द. कोंबू म्हणताना तोंडात आनंदाचाच शब्द येतो. लढाईला निघताना हे याच क्रमाने खायचं, कुटा, जिंका, हसा. आणि लढून परत आल्यावर आधी चेस्टनट, मग शिंपला, मग कोंबू. जिंकलो, कुटलं, हसलो. तू बाहुल्यांना नेहमी परतीचंच ताट द्यायचीस. "त्यांना जायचंच नाहीये," म्हणायचीस.

तर मी ताट ठेवलं. साकेचा प्याला भरला. धन्यांनी हात पुढे केला. हात शिंपल्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि चेस्टनट उचलून तोंडात टाकलं.

चेस्टनट वाळलेलं असतं, चावायला वेळ लागतो. तो कुरकुर आवाज मागच्या रांगेतल्या भालाइतांनाही ऐकू गेला असेल. मग धन्यांनी अगदी सावकाश शिंपला घेतला. मग कोंबू.

शुभाशुभ बघणारे इंकेई महाराज उभे होते, ते मटकन खाली बसले. "परतीचं खाल्लं!" ते ओरडले. "युद्धदेवाच्या लेखी स्वारी होऊन गेली! एका भांडणासाठी देवाला दोनदा बोलावता येत नाही!"

गलका झाला. कुणीतरी मागून म्हणालं, धनी चुकले. ते वाक्य पुरं व्हायच्या आत मी पुढे जाऊन जमिनीवर कपाळ आपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "ताट मी उलटं मांडलं! म्हातारपणाने डोकं गेलं माझं! धन्यांनी मांडलं होतं त्या क्रमानेच खाल्लं!"

धनी उठले. "आजोबा, ताट तुम्ही मांडलंत?"

"मीच, धनी."

"उलटं?"

"अगदी उलटं."

त्यांनी मग मला असं फैलावर घेतलं की निशाणं धरणारेसुद्धा माना खाली घालून उभे राहिले. गाढव म्हणाले, खुळा म्हणाले, याच्याकडून घरच्या मांजराचंही ताट मांडून घेऊ नये म्हणाले. आवाज फार खणखणीत होता. थोरल्या धन्यांचाच आवाज. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लोकांना वाटलं लाजेने आलं.

पुढे काय करायचं कुणालाच कळेना. असं याआधी कधी घडलंच नव्हतं. शेवटी इंकेई महाराजांनी सांगितलं, की परतीचं खाल्लंय तर परतीचे सोपस्कारही पुरे करायला हवेत, नाहीतर देव अडकून राहतो. म्हणून आम्ही सगळ्यांनी, चिलखताला साधी धूळही लागलेली नसताना, आपल्याच मैदानात विजयाची आरोळी ठोकली. कान्पेई माझ्या शेजारी उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होता. नंतर म्हणाला, "मालक, आयुष्यातली सर्वांत झकास लढाई. पाय दुखले नाहीत, कुणी मेलं नाही, आणि जेवणाच्या वेळेला घरी."

माणसं त्याच दुपारी कापणीला गेली. शब्दही मोडला नाही. फाटक पाडायला धनी निघाले होते, देवाने म्हाताऱ्याच्या चुकीमुळे त्यांना परत आणलं, असं आता सगळे म्हणतात. मला लोक रस्त्यात बघून हळूच हसतात. पोरी, मी इतका सुखात आहे की मला त्यांच्याबरोबर हसू येतं आणि ते दाबताना खोकला काढावा लागतो.

तुझा खुळा बाप


दहावा महिना, पहिलं बर्फ डोंगरावर दिसलं त्या दिवशी

नुई,

तहाची बोलणी सुरू झाली हे तुला आतूनच कळलं असेल. तुझ्या नवऱ्याने नदीकाठचं गवत पिंजून काढायला माणसं लावली आणि घुंगरू सापडलं, असं ऐकतो. सापडलं का नवं घडवलं, हे आमच्याकडे कुणी विचारलेलं नाही. धन्यांनी ते कानापाशी नेऊन वाजवलं आणि "हेच," म्हणाले. विषय संपला.

माझा निवाडाही झाला. सेनापतीपद गेलं. डोक्यावरची शेंडी गेली. आता टाळकं इतकं गुळगुळीत झालंय की तुझी आई जाता येता त्यावरून हात फिरवते. "बरं झालं," म्हणते, "नाहीतरी आत फार काही उरलं नव्हतं." आघाडी माझ्या हाताखालच्या मोरिताकेकडे गेली. पोरगा चांगला आहे, थोडा कमी घाबरतो, शिकेल.

राहिली एक शिक्षा. तह नव्याने बांधायचा तर आमच्याकडून कुणीतरी मोठा माणूस तुमच्याकडे ओलीस म्हणून राहायला हवा. धन्यांनी भर सभेत विचारलं, "ज्याला ताट मांडता येत नाही असा निरुपयोगी म्हातारा आपल्याकडे कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तोच जाईल," धनी म्हणाले, "आणि मी बोलावल्याशिवाय परत येणार नाही. मी बोलावणार नाही." सभेतल्या काहींनी डोळे पुसले. मीही चेहरा जमेल तेवढा पाडला.

निरोपाला गेलो तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. धनी म्हणाले, "आजोबा, तिकडे कुणी विचारलं, चूक कुणाची होती, तर काय सांगाल?"

"माझी."

"साके पाजून विचारलं तर?"

"साके पिईन. चूक माझीच."

"मुलीने विचारलं तर?"

मी म्हटलं, "तिलाही हेच सांगीन, धनी. मरेपर्यंत."

त्यानंतर ते आसनावरून खाली उतरले आणि माझ्यासमोर दोन्ही हात टेकून वाकले. कपाळ चटईला लागलं होतं. बहुधा त्यांचा पंखा पडला असावा आणि ते तो शोधत असावेत. पंखा कमरेलाच होता, पण माझी नजर हल्ली अधू झालीय. कारकून महाराज, हे तुम्हीही वाचलं नाहीत असं धरून चाला.

तर मी येतोय. तुझी आईही येते म्हणते, ओलिसाची बायको असा हुद्दा नसला तरी. लोणच्याचे माठ बांधून झालेत. कान्पेईने रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून त्यालाही घेतलंय. तू फाटकापाशी यावंस असं माझं म्हणणं नाही. तू आलीस तरी मला बरं वाटेल, नाही आलीस तरी मी त्याच भिंतींच्या आत असेन. मला एवढं पुष्कळ आहे.

बाप


दहावा महिना, तोगावा

बाबांना,

तुमची सगळी पत्रं मी वाचत होते. उत्तर लिहायला बसले की रागाने अक्षर वेडंवाकडं यायचं, आणि तुम्ही त्याला हसाल म्हणून ठेवून द्यायचे.

तुम्ही पाठवलेली ताटाची हकीकत मी दोनदा वाचली, मग शिकिबुंना वाचून दाखवली. ते म्हणाले, "तुझे वडील थकले गं." मी म्हटलं, माझे बाबा झोपेत, तापात, डोळे बांधून ते ताट मांडतील आणि शिंपला पहिलाच येईल. तेव्हा चूक तुमची नव्हती. मग कुणाची होती, ते मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्हाला माझ्यापाशी खोटं बोलावं लागू नये म्हणून. शिकिबुंनी नदीकडे तोंड करून नमस्कार केला. तुम्हाला नाही, पलीकडच्या किल्ल्यात जो आहे त्याला.

तुमच्या खोलीची व्यवस्था केलीय. खिडकी पूर्वेला आहे, गुडघ्यांना ऊन मिळेल. रिवाजाप्रमाणे ओलिसाच्या दाराशी पहारा लागतो. तो मी मागून घेतलाय, तेव्हा आईला सांगा, दाराबाहेरही एक आसन अंथर. फाटकापाशी मी येणार नाही. मी होडीपाशीच येणार आहे.

काल इथल्या जुन्या सरदारांनी शंका काढली. हा माणूस पलीकडच्या हागामी घराण्याच्या पन्नास लढायांतला, इथून पळून गेला तर हमी कोण घेणार? सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, मी घेते. माझे बाबा धन्यांनी ठेवलं तिथून कधी हललेले नाहीत. आणि त्यांच्या धन्यांनी त्यांना माझ्याजवळ ठेवलंय.

हे वाक्य मी मोठ्याने बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही.

नुई